पाहुण्याची काच

१

लॅबचा मदतनीस जितेशने पेटीचा शेवटचा स्क्रू काढला, झाकण उचललं आणि ते हातात धरून तसाच उभा राहिला. झाकण खाली ठेवावं हेही त्याला सुचेना.

"काय रे, भूत पाहिलंस?" म्हणत लॅबचा मालक श्रीरंग घरत पुढे आला आणि पेटीवर वाकला.

पेटीत एक सोलर पॅनेल होतं. त्याच्या काचेचा या टोकापासून त्या टोकापर्यंत चुरा झाला होता. खडीसाखर सांडावी तसे काचेचे दाणे पेटीच्या गादीत पडले होते.

"आई गं," मोजणीचं काम करणारी क्षितिजा पुटपुटली. नाशिकच्या लॅबमधून आलेला प्रणव कपाळाला हात लावून स्टुलावर बसला. पॉलिन तुस्कानो मात्र जागची हलली नाही. तिने आधी चौघांचे चेहरे पाहून घेतले. काच कुठे पळून जाणार नव्हती.

सातिवलीच्या गाळ्यांमध्ये, एका बाजूला पत्र्याचे डबे बनवणारे आणि दुसऱ्या बाजूला खोकी छापणारे, अशा गोंगाटात घरतांची ही लॅब होती. इथे सोलर पॅनेल तपासली जात. नाशिक आणि बडोद्याच्या लॅबशी तिचा करार होता. एकीने पास केलेला माल उरलेल्या दोघींनी डोळे मिटून मान्य करायचा, म्हणजे वसईतल्या छोट्या कारखानदाराला तीन ठिकाणी खेटे घालावे लागत नसत. पण डोळे मिटायचे तर भरवसा हवा. म्हणून एकच पॅनेल तिन्ही लॅबमध्ये आळीपाळीने फिरे, आणि प्रत्येकीने त्याची वीज मोजायची. उत्तर एकच यायला हवं. या फिरत्या पॅनेलला सगळे 'पाहुणा' म्हणत आणि जावयासारखं जपत.

यंदा बडोद्याचं आणि नाशिकचं उत्तर जुळलं. सातिवलीचं जास्त आलं, तेही डोळ्यांत भरण्याइतकं. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून सातिवलीवाले आकडे फुगवतात, अशी कुजबुज सुरू झाली. त्यामुळे पाहुणा कालच टेम्पोने पुन्हा सातिवलीला आला होता, आणि आज पॉलिनसमोर फेरमोजणी व्हायची होती. पॉलिन तिन्ही लॅबची तपासनीस, राहणार भुईगावची. श्रीरंग तिचा कॉलेजातला मित्र, आणि करारात सातिवलीला घ्या म्हणून तिनेच सगळ्यांशी भांडण मांडलं होतं. तिचाही शब्द त्या पेटीत चुरा होऊन पडला होता.

"काल संध्याकाळी चहाच्या आधी मी स्वतः बघितला. पाहुणा धडधाकट होता," प्रणव म्हणाला. "स्टोअरची किल्ली कोणाकडे असते?"

क्षितिजाने ओळखपत्राच्या पट्टीला अडकवलेली किल्ली हळूच वर धरली. पाहुण्याची मोजणी करून त्या फुगीर आकड्याखाली सही करणारीही तीच होती.

२

"पोरगी हुशार आहे गं," केबिनचं दार लावून श्रीरंग म्हणाला. "पण वय ते केवढं. आकडा चुकला, घाबरली असेल. फेरमोजणी झाली असती तर उघडीच पडली असती."

"म्हणजे तिने फोडला?"

"मी कुठे म्हणतो तसं? पण दुसरं कोण?" त्याने टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि पुन्हा ठेवला. "मी तिला कामावरून कमी करतो. तू नाशिक-बडोद्याला तसं कळव. लॅब तरी वाचेल."

"मी तसं कळवलं तर तिचं नाव तिन्ही लॅबच्या यादीतून जाईल, श्रीरंग. या क्षेत्रात तिला कोणी उभं करणार नाही."

"माहितीये मला," तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला.

पॉलिनला त्याचा राग आला. इतक्या पटकन हात झटकणारा श्रीरंग तिने कधी पाहिला नव्हता. कॉलेजात तिची फी राहिली तेव्हा हाच पोरगा प्राचार्यांशी वाद घालायला गेला होता.

प्रणव व्हरांड्यात फेऱ्या मारत होता. काल चहाच्या वेळी तो स्टोअरपाशी घुटमळताना जितेशला दिसला होता. पॉलिनने तसं विचारताच तो उसळला.

"तिथेच रेंज येते मॅडम, घरी फोन करत होतो! आणि मी कशाला फोडू? आमचा आकडा बरोबर आहे हे दाखवायला आमच्याकडे तेवढाच तर पुरावा होता. आता सातिवलीवाले म्हणायला मोकळे, की नाशिकचंच चुकलं."

"मोजणीच्या काळ्या खोलीत गेला होतात?"

"एकटं जाऊच देत नाहीत. तुमचाच नियम आहे ना तो."

तिचाच होता. परक्या लॅबच्या माणसाने मोजणीच्या खोलीत एकटं पाऊल टाकायचं नाही.

क्षितिजा जेवणाच्या टेबलाशी बसली होती. डबा उघडा होता आणि एक घासही मोडला नव्हता.

"किल्ली मी चहाला जाताना टेबलावरच ठेवते, मॅडम. सगळ्यांना माहितीये ते. चूक आहे माझी. पण पाहुण्याला मी हात लावलेला नाही."

"आकडा जास्त कसा आला?"

"तेच कळत नाहीये ना!" तिचे डोळे भरून आले. "मी दसऱ्याला कराडला घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी आले आणि थेट पाहुण्याच्या मोजणीला बसले. तीन वेळा मोजला, तेच उत्तर. म्हणून तर मी स्वतः तुम्हाला फोन केला, की फेरमोजणी करा. आपलंच बिंग फोडायला कोणी फोन करतं का?"

फोन तिनेच केला होता, हे खरं. पण भीती वाटली की माणूस काल एक करतो आणि आज दुसरंच, हेही पॉलिनला ठाऊक होतं. पोरीवर विश्वास टाकावा असं तिला फार वाटत होतं, आणि म्हणूनच ती स्वतःला आवरत होती.

एवढ्यात दार धाडकन उघडलं. जितेश आत आला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"मॅडम, क्षितिजाताईंना काही विचारू नका," तो म्हणाला. "पेटी माझ्या हातून पडली. मीच फोडला पाहुणा."

३

पॉलिनने जितेशला पेटीपाशी नेलं.

"कुठून पडली?"

"रॅकवरून. कोपऱ्यावर आपटली."

"कुठल्या कोपऱ्यावर?"

जितेशने चारही कोपरे पाहिले. एकावरही साधा ओरखडा नव्हता. मग पॉलिनने पेटीच्या बाजूला चिकटवलेल्या काचेच्या बारीक नळीवर बोट ठेवलं. पेटी आपटली की ही नळी लाल होते आणि मग काही केल्या पुन्हा पांढरी होत नाही. पाहुण्याच्या प्रत्येक प्रवासात ती पेटीवर असे. नळी दुधासारखी पांढरी होती.

"पेटी पडली नाही, जितेश. कोणीतरी स्क्रू काढून ती शांतपणे उघडली, काचेच्या कोपऱ्याला अणकुचीदार काहीतरी ठोकलं आणि पेटी पुन्हा बंद केली. अशा काचेला कोपऱ्यात एवढंच पुरतं. का खोटं बोलतोस?"

जितेश खाली मान घालून म्हणाला, "ताईंचं नाव गेलं तर त्यांना कुठे उभं नाही करणार कोणी. माझं काय, उद्या शेजारच्या गाळ्यात खोकी उचलीन."

पॉलिनला गलबलून आलं. पण त्याची समजूत घालायला वेळ नव्हता. संध्याकाळी दोन्ही लॅबवाले फोनवर वाट पाहणार होते. "चल, मला काळी खोली दाखव," ती म्हणाली.

मोजणीची खोली भिंतींपासून छतापर्यंत काळी रंगवलेली होती. एका टोकाला मोठा दिवा. तो लागला की खोलीत दुपारचं ऊन पडे. समोर पॅनेल लावायची चौकट, आणि चौकटीच्या कडेला आगपेटीएवढा काचेचा सेन्सर.

"हा पूर्वी वर, झाकणात असायचा," मागून आलेली क्षितिजा म्हणाली. "यंदा तिन्ही लॅबनी सगळं एकसारखं करायचं ठरलं, तेव्हा खाली आणला आणि झाकण काढलं. ऊन किती पडतंय ते हा सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावरून दिवा कमीजास्त होतो."

पॉलिन खाली वाकली. चौकटीच्या पायावरून मुंग्यांची रांग चालली होती. टेबलावर, दिव्याच्या स्टँडवर, पंख्याच्या बटणांवर फिकट वाळके ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती मुंग्यांचा घोळका.

"दसऱ्यापासून उच्छाद मांडलाय मेल्यांनी," जितेश म्हणाला. "दोनदा मुंग्यांचा खडू ओढला. फडक्याने पुसलं तर नुसतं फरफटतं. सेन्सरला हात लावायची मला परवानगी नाही, म्हणून त्याच्या जवळपास गेलो नाही."

फडक्याचे फराटे टेबलावर दिसत होते. पॉलिनने मोबाइलचा उजेड सेन्सरवर धरला. काच लखलखत होती. तिच्यावर ठिपका नव्हता, फराटा नव्हता, चौकटीला वळसा घालून आलेल्या मुंग्याही तिकडे फिरकत नव्हत्या.

"क्षितिजा, हा तू पुसलास?"

"नाही मॅडम. तो पुसायचा तर सर किंवा तुम्ही समोर लागता."

चहूबाजूंनी ठिपके आणि मधोमध हा एकटा सोवळा. पॉलिनने मोबाइल खाली केला. ते ठिपके कसले आहेत, एवढंच आता कळायचं बाकी होतं.

४

फाटकाशी जांभळाच्या सावलीत श्रीरंगचे वडील, विठ्ठलआप्पा, खुर्ची टाकून बसले होते. गावी, चांदीपला, भाताची कापणी सुरू होती, तरी पॉलिन येणार म्हणून ते रिक्षाने आले होते. दसऱ्यानंतर आज पहिल्यांदाच. पायाशी पिशवी होती.

"ये बाय, बस. तुज्यासाठी नारल आनलाय, घरच्या झाडाचा. आई बरी हाय ना तुजी?"

"बरी आहे आप्पा. तुम्ही दसऱ्याला आला होतात ना इथे?"

"आलो म्हंजे!" आप्पांचा चेहरा उजळला. "दरवर्षी भायेर, दारातच पूजा. यंदा श्रीरंगनं मला पार आत नेला, त्या काल्या खोलीत. म्हनला, आप्पा, तुमच्या हातानं होऊ दे. मी तितं नारल वाढवला, जितेश बाजूलाच होता, न समद्या मशिनींवर पानी शिंपडला. ती लहानगी काच हाय ना, तिच्यावर पन. माजा हात लागला म्हनून लॅब चालते, असा मी गावात सांगतो."

पॉलिन बसल्या जागी ताठ झाली. तिने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तेव्हा आईने फादरना घरी बोलावलं होतं. त्यांनी शिंपडलेल्या पवित्र पाण्याचे शिंतोडे स्पीडोमीटरच्या काचेवर कितीतरी दिवस होते, आणि आईने ते पुसू दिले नव्हते. ते तर नुसतं पाणी. नारळाचं पाणी गोड, चिकट. वाळलं की त्याचा पातळ पापुद्रा धरतो. काळ्या खोलीत तो कोणाला दिसणार? दिसला फक्त मुंग्यांना.

"आप्पा, हा नारळ आत्ता वापरू का?"

"तुजाच हाय. पन देवापुढं वाढव हां."

ती आत आली तेव्हा श्रीरंग व्हरांड्यात उभा होता. तिच्या हातातला नारळ पाहून तो एक पाऊल मागे सरला.

"सगळ्यांना काळ्या खोलीत बोलाव," पॉलिन म्हणाली. "पाहुण्यावाचून आपलं अडणार नाही."

५

लॅबमधलंच एक साधं पॅनेल चौकटीत लावलं होतं. क्षितिजाने ते मोजलं. मग पॉलिनने नारळाच्या पाण्याचे चार थेंब बोटांनी सेन्सरवर शिंपडले. दिव्याच्या धगीने ते बघता बघता वाळले.

"आता पुन्हा मोज."

क्षितिजाने आकडा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. तेच पॅनेल आता जास्त वीज देत होतं. पाहुण्याच्या बाबतीत जेवढा फरक पडला होता, जवळजवळ तेवढाच.

"पापुद्र्यामुळे सेन्सरला ऊन कमी दिसतं," पॉलिन म्हणाली. "तो म्हणतो, दिवा वाढवा. दिवा वाढतो, पॅनेलची वीज वाढते. क्षितिजाने मोजलं ते बरोबर मोजलं. खोटं बोलला तो सेन्सर. आकडे कोणी फुगवले नव्हते."

प्रणवने जोरात श्वास सोडला. "मग पाहुणा कशाला फोडला?"

"सेन्सर कोणी पुसला ते आधी बघू. कारण ज्याने पुसला त्याला चूक कळली होती, आणि तरी तो बोलला नाही. जितेशने टेबल पुसलं त्याचे फराटे आहेत. सेन्सर पुसलाय तो जाणत्या हाताने. इथे नारळ फुटला हे जितेशला ठाऊक होतं, पण त्याने सेन्सरला काय होतं हे ठाऊक नव्हतं. क्षितिजाला आणि प्रणवला सेन्सर कळतो, पण दसऱ्याला एक कराडला होती, दुसरा नाशिकला. पूजा दारातच झाली असंच क्षितिजा समजत होती." ती जितेशकडे वळली. "आप्पा आत आले होते हे तू तिला का नाही सांगितलंस?"

"सरांनी सांगितलं होतं, नियमात बसत नाही, कोणाला बोलू नकोस," जितेश चाचरत म्हणाला.

"नारळही माहीत आणि सेन्सरही कळतो, असा इथे एकच माणूस आहे," पॉलिन म्हणाली. "श्रीरंग, तू बोलतोस की मी बोलू?"

श्रीरंग चौकटीला टेकला. "फेरमोजणीची तारीख ठरल्यावर मी सेन्सर बघायला आलो," तो म्हणाला. "त्याच्यावर मुंग्या होत्या. पुसला, आणि मग लक्षात आलं. दसऱ्यापासून आपण किती पॅनेलं पास केली! काही छपरांवर चढलीसुद्धा. आज पाहुण्याचा आकडा खाली आला की सगळे विचारणार, तेव्हा जास्त का आला होता? मग आप्पांचं नाव निघणार. पाहुणाच नसेल तर म्हणतील, टेम्पोत फुटला. कोणाचं काही जाणार नाही, असं वाटलं. प्रणवने तो काल बघितलाय हे मला ठाऊक नव्हतं."

"त्या नळीचं तुझ्या ध्यानात आलं नाही. आणि संशय क्षितिजावर आला तेव्हा?"

श्रीरंगची नजर क्षितिजाकडे गेली आणि तिथून सेन्सरवर वळली.

"तेव्हा तू तिच्यावर ढकलून सुटायची वाट धरलीस. ही पोरगी आयुष्यातून उठली असती, श्रीरंग!"

"आप्पा गावभर सांगतात, माझा हात लागला म्हणून लॅब चालते," श्रीरंग कसाबसा म्हणाला. "त्याच हाताने लॅब बुडाली, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? त्यांना सांगू नकोस, पॉलिन. पाया पडतो."

"मी नाही सांगणार," पॉलिन म्हणाली. "तू सांगणार आहेस. आत्ता."

६

संध्याकाळी पॉलिनने नाशिक आणि बडोद्याला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. करार मोडला, असं धरूनच ती बसली होती. मग बडोद्याच्या बाई म्हणाल्या, दसऱ्यानंतरचा माल निम्मा इकडे पाठवा, आम्ही पुन्हा तपासतो. उरलेला नाशिकने मागितला, आणि प्रणवने तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. त्यांची एकच अट होती. सातिवलीच्या खुर्चीवर श्रीरंग नको. गिऱ्हाइकांना फोन करून माल परत मागवायचं काम त्यांनी क्षितिजाकडे दिलं, आणि नव्या मोजणीखाली सहीही तिचीच मागितली. क्षितिजा रडत रडतच गिऱ्हाइकांची यादी काढायला बसली.

श्रीरंग फाटकाशी आप्पांपुढे उभा होता. पॉलिन थोड्या अंतरावर थांबली. शेजारच्या गाळ्यातलं छपाईचं यंत्र बंद झालं होतं, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"माज्या पान्यानं बिघडला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो, आप्पा."

"मंग तवाच का नाय बोललास? मी भायेर वाढवला असता. इतकी वरसं भायेरच वाढवत होतो ना?"

आपल्या हातून बिघडलं हे आप्पांना कळेल, या एका गोष्टीला घाबरून श्रीरंगने पाहुणा फोडला होता, आणि म्हाताऱ्याला त्यात राग यावा असं काहीच दिसलं नव्हतं.

"न ती पोर? तिचा नाव कशाला घातलास मधी?"

आता मात्र आप्पांचा आवाज चढला होता. आप्पा काठी टेकत उठले, व्हरांड्यात क्षितिजासमोर गेले आणि दोन्ही हात जोडून उभे राहिले. क्षितिजा घाईने उठली, तिने ते हात धरून खाली केले.

"चला आप्पा, अंधार पडेल. गाडी काढतो," मागून श्रीरंग म्हणाला आणि त्याने आधाराला हात पुढे केला.

आप्पांनी तो हात बाजूला सारला.

"जितेश," त्यांनी हाक मारली, "तू सोड रे मला घरी."